माळ्यावरचा बेंजो कुठला?

मुलुंड, भांडुप, घाटकोपर, जोगेश्वरी, बोरिवली. या पट्ट्यातल्या जुन्या घरांचे माळे रिकामे होऊ लागले, आणि चाळ पुनर्विकासाला गेली की ते होतातच, म्हणजे एखादी लांबट लाकडी पेटी खाली येते. घरातलं वडीलधारं माणूस सांगतं, ‘हा आजोबांचा बेंजो.’ पेटीच्या कड्या गंजलेल्या असतात, तारा तुटून गुंडाळल्या गेलेल्या असतात, दोन-चार बटणं बसलेली असतात. आजोबा तो गणपतीत वाजवायचे एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. तो आला कुठून, हे मात्र कोणी विचारलेलं नसतं.

हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण या वाद्याच्या वाट्याला लिखित इतिहास जवळजवळ आलाच नाही. सतारीला घराणी लाभली. मिरजेच्या तंबोऱ्याला कारागिरांच्या पिढ्यांची नावं लाभली. हार्मोनियमवर वाद झाले, लेख आले. बेंजो वाजवणाऱ्यांनी तो कानाने उचलला, मिरवणुकीत वाजवला आणि हंगाम संपल्यावर माळ्यावर ठेवला. त्याचा दाखला हवा असेल तर वाद्यच वाचावं लागतं: लाकूड, बटणं, चिठ्ठी, स्क्रू आणि कुणी तरी नंतर पाडलेली भोकंसुद्धा.

पेटीत नक्की काय आहे, हे आधी पाहायचं. बेंजो या नावाची दोन अगदी वेगळी वाद्यं मुंबईत नांदली. एक गोल चेहऱ्याचं: लाकडी किंवा धातूच्या कड्यावर ताणलेलं कातडं, त्याला आवळणारे हुक आणि लांब मान. हे अमेरिकेतलं बँजो. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं मढवून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेच्या मळ्यांवर घडवलेल्या वाद्यातून ते वाढलं. पुढे गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केलेल्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांनी ते जगभर नेलं. मुंबईही त्यातून सुटली नाही. डेव्ह कार्सन नावाच्या नटाची अशी मंडळी १८६०च्या दशकात हिंदुस्थानात आली आणि मुंबई-कलकत्त्यात तिने खेळ केले. ज्यांच्या दुःखातून ते वाद्य जन्मलं त्यांचीच टवाळी करणाऱ्या रंगमंचावरून ते इथे पोहोचलं, ही त्याच्या प्रवासातली बोचरी गोष्ट. नंतर जॅझचा जमाना आला. लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकाचा बँड १९३५मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. गोव्याहून आलेले अनेक वादक मुंबईच्या नाचगाण्याच्या बँडांत होते.

म्हणून अंधेरीच्या मरोळ-आंबोलीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात किंवा एखाद्या गोवेकर कुटुंबात गोल बँजो निघाला, तर ते नवल नाही. त्याची ओळख पटवणं तुलनेनं सोपं जातं. चार तारांचा असेल तर तो बहुधा १९१० आणि १९२०च्या दशकांतल्या नाचाच्या बँडांसाठी बनलेल्या जातीचा. पाच तारा असून पाचवीची खुंटी मानेच्या मध्यावर असेल तर जुन्या पद्धतीचा. आठ तारा जोडीजोडीने असतील तर बँजोचं धड आणि मेंडोलिनची मान. लंडनच्या क्लिफर्ड एसेक्स किंवा बर्मिंगहॅमच्या विंडसर अशा इंग्रज कारखानदारांची नावं मानेच्या डोक्यावर किंवा कड्याच्या आत ठसवलेली सापडतात. नाव आणि क्रमांक मिळाला की पुढचा शोध फारसा अवघड राहत नाही.

पण उपनगरातल्या दहा पेट्या उघडल्या तर बहुतेकींत हे वाद्य नसतंच. असतो तो दुसरा बेंजो: हातभर लांबीची पोकळ लाकडी पेटी, वर टाइपरायटरला असतात तशा गोल बटणांच्या रांगा, बटणांखालून गेलेल्या पोलादी तारा, एका टोकाला खुंट्या आणि दुसऱ्या टोकाला घोडी. उत्तर हिंदुस्थानात त्याला बुलबुल तरंग म्हणतात. त्याचं मूळ आफ्रिकेत नाही, अमेरिकेतही नाही. ते जपानमधल्या नागोया शहरात आहे, आणि त्याला जन्मसालही आहे.

ते साल १९१२. त्या वर्षी ३० जुलैला सम्राट मेइजी वारले आणि जपानमध्ये तैशो पर्व सुरू झालं. त्याच वर्षी नागोयाच्या ओसू भागातल्या मोरिता गोरो या वादकाने एक नवं वाद्य बाजारात आणलं आणि नव्या पर्वाचं नाव त्याला मिळालं: तैशोगोतो, म्हणजे तैशो काळातला कोतो. मोरिता स्वतः दोन तारांचा जुना जपानी कोतो वाजवत. तो शिकायला वर्षं जात. त्यांनी त्याला टाइपरायटरच्या कळांची जोड दिली. सुरुवातीला तारा दोनच होत्या, पुढे त्या वाढल्या. स्वराची जागा बोटाने शोधायची गरज उरली नाही. बटण दाबायचं, तारेवर नखी फिरवायची, सूर निघतो. संगीत शिकायला ना वेळ ना पैसा अशा साध्या घरांत ते पटकन रुजलं. जपानी चित्रपटगीतांचे आणि लोकप्रिय गाण्यांचे मोठे संगीतकार कोगा मासाओ यांनाही लहानपणी याच वाद्याने ओढ लावली होती.

नागोयाच का, याचंही उत्तर आहे. सुझुकी मासाकिची यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच शहरात व्हायोलिनचा कारखाना उभा केला होता आणि हजारोंच्या संख्येने स्वस्त व्हायोलिनं बाहेर पडत होती. लाकूड कापणारे, सरस लावणारे, पॉलिश करणारे हात तिथे तयार होते. अशा गावात सोपं वाद्य निघालं की ते थोड्याच काळात ढिगाने बनणार, हे ओघानेच आलं.

आता पेटीचं झाकण काढून आत डोकवावं. प्रत्येक बटणाखाली एक पट्टी आहे. बटण दाबलं की पट्टी तारांवर येते आणि त्यांना खालच्या धातूच्या पडद्यावर टेकवते. तार तेवढी आखूड होते, सूर चढतो. बोट उचललं की स्प्रिंग पट्टीला वर ढकलते. तारांचे दोन गट असतात. एक गट बटणांखालून जातो आणि गाण्याची चाल वाजवतो. दुसरा गट बाजूने मोकळा राहून षड्ज-पंचमाचा आधार धरतो. पडदे कुठे ठोकायचे याचा हिशेब जगातल्या सगळ्या गिटारींना लागू असलेलाच: तारेच्या मोकळ्या लांबीला साधारण १७.८ने भागायचं, तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. तार ४५ सेंटिमीटर असेल तर पहिला पडदा अडीच सेंटिमीटरवर, आणि वरचा सा बरोबर अर्ध्यावर, २२.५ सेंटिमीटरवर. जुना बेंजो हाती आला की फूटपट्टी घेऊन हे मोजावं. वरचा सा अर्ध्यावर पडत नसेल, तर घोडी कधी तरी सरकली आहे किंवा बदलली आहे. मग त्या घोडीवरून वाद्याचं वय सांगण्यात अर्थ नाही.

जपानी वाद्याच्या बटणांवर १ ते ७ हे आकडे असतात आणि सप्तक बदललं की आकड्यावर किंवा खाली ठिपका येतो. जपानमध्ये तैशोगोतो याच आकड्यांच्या लिपीतून शिकवतात. हिंदुस्थानी कानाला हे लगेच जवळचं वाटलं असणार. एकला सा म्हटलं की काम झालं. पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायची गरज नाही, आणि मंद्र-तार सप्तकासाठी ठिपका देण्याची रीत भातखंड्यांच्या लिपीमुळे इथे माहितीची होतीच.

नागोयाहून मुंबईला यायची वाट वाद्य जन्मण्याआधीच तयार होती. जमशेदजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने १८९३मध्ये कोबे-मुंबई जहाजसेवा सुरू केली. इकडून कापसाच्या गासड्या जात. परतीच्या फेऱ्यांत पुढे आगपेट्या, काचसामान, खेळणी, छत्र्या, कापड असा जपानी माल येऊ लागला. १९२०-३०च्या दशकांत तो इतका स्वस्त आणि इतका मुबलक झाला की १९३३मध्ये सरकारने बिगरब्रिटिश सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली आणि पुढच्या वर्षी भारत-जपान व्यापार करार करावा लागला. तैशोगोतो याच स्वस्त मालाच्या लाटेवरचं वाद्य.

ते फक्त मुंबईला थांबलं नाही. समुद्रमार्गाने ते जिथे जिथे उतरलं तिथे तिथे त्याला नवं नाव आणि नवं अंग मिळालं. मालदीवमध्ये ते कोट्टाफोशी झालं. बाली आणि लोंबोक बेटांवर त्याला मेंडोलिन म्हणू लागले. झांझिबारच्या ताराब संगीताच्या मंडळींतही ते पोहोचलं. इंग्रजीत ते ‘नागोया हार्प’ म्हणून विकलं गेलं. जर्मनीत तर त्याचं नाव जपान-बँजो. नॉय या जर्मन बँडच्या १९७२च्या तबकडीवर क्लाउस डिंगर यांनी ते वाजवलं आहे. म्हणजे बँजो हे नाव मुंबईकरांनीच चुकून लावलं असं मानायचं कारण नाही. तारेवर नखीचा टणत्कार ऐकून दोन खंडांत ते नाव सुचलं.

सर्वांत जवळचं भावंड मात्र कराची-बलुचिस्तानात आहे. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच होता आणि दोन बंदरांत नित्याची ये-जा होती. बलुची वादकांनी या वाद्याला बेंजू म्हटलं, त्याची पेटी मोठी केली, तारा वाढवल्या आणि त्यावर आपलं पारंपरिक संगीत इतकं पक्कं बसवलं की आज ते बलुची वाद्य म्हणूनच ओळखलं जातं. नूर बख्श या वादकाचं बेंजूवादन अलीकडच्या वर्षांत युरोपातल्या मैफलींपर्यंत गेलं आहे. तिथे बेंजूला उस्ताद लाभले. मुंबईत त्याच वाद्याला मिरवणूक लाभली.

तेव्हा माळ्यावरचा बेंजो खास नागोयाचा, की इथे बनलेला? हे ठरवण्यासाठी तारखा सांगणाऱ्या खुणा वाद्यावरच असतात. झाकणाच्या आत किंवा तळाला चिठ्ठी शोधावी. जपानी लिपीतली तीन अक्षरं आडवी छापलेली असतील तर जपानी वाचता येणाऱ्या कुणाला दाखवून ती कुठल्या बाजूने वाचायची ते विचारावं. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानमध्ये आडवा मजकूर बऱ्याचदा उजवीकडून डावीकडे लिहीत. युद्धानंतर डावीकडून उजवीकडे ही रीत पक्की झाली. उलट वाचावं लागणारं नाव म्हणजे वाद्य युद्धापूर्वीचं असण्याचा चांगला पुरावा. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल तर काळ आणखी नेमका होतो. जपान अमेरिकी ताब्यात असतानाच्या, १९४७ ते १९५२ या वर्षांतल्या निर्यातीच्या मालावरच तो मारला गेला. दरम्यान १९४१मध्ये युद्धामुळे जपानी मालाची आवक बंद पडली होती आणि स्वातंत्र्यानंतर १९४७च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परदेशी वस्तूंवर परवान्याचं कुलूप लागलं. त्यामुळे पन्नाशीनंतर विकत घेतलेला बेंजो देशी असण्याचीच शक्यता जास्त.

देशी चिठ्ठी असेल तर पत्ता नीट वाचावा, कारण मुंबईचे पत्ते स्वतःच कालदर्शिका आहेत. घाटकोपरपुढे नुसतं ‘मुंबई ७७’ असेल तर चिठ्ठी बहुधा पिनकोडच्या आधीची. ‘४०० ०७७’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. हा सहा आकडी पिनकोड रचणारे टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतचे नामवंत कवी-नाटककारही. एका संस्कृत कवीने आखलेल्या आकड्यांवरून आज बेंजोचं वय सांगता यावं, ही या शोधातली मनापासून आवडणारी जागा. मुलुंडपुढे ‘जि. ठाणे’ असेल तर ती आणखी जुनी खूण. अंधेरी-घाटकोपर १९५०मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले, मुलुंड आणि बोरिवली-दहिसरपर्यंतचा भाग १९५७मध्ये. पेटीत जुनी पावती सापडली तर रकमेकडे पाहावं. रुपये-आणे-पै असतील तर १ एप्रिल १९५७च्या आधीची किंवा जुन्या सवयीने त्या सुमारास लिहिलेली. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४च्या दरम्यानची. पावतीवर ‘मुंबई’ इंग्रजीत कसं लिहिलंय त्यावरून १९९५च्या अलीकडची की पलीकडची, तेही कळतं.

बहुतेक वेळा चिठ्ठी गळून गेलेली असते. मग हात आणि नाक वापरायचं. बटण अंगठ्याने जोरात घासून लगेच हुंगावं. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. सेल्युलॉइड बनवायला कापूर लागतोच. कार्बोलिकसारखा उग्र वास आला तर बेकेलाइट. काहीच वास नाही आणि बटण हलकं, चकचकीत असेल तर ते नंतरचं प्लास्टिक. सेल्युलॉइडची परीक्षा करायला सुई तापवून टोचायचा सल्ला काही जण देतात, तो मुळीच ऐकू नये. सेल्युलॉइड भडकन पेटतं. पॉलिशची परीक्षा स्पिरिटने होते. तळाच्या कोपऱ्यात कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून फिरवला आणि पॉलिश चिकट झालं, तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं. आपल्याकडचे पेटीवाले कारागीर हेच पॉलिश हाताने चढवत आले. लाकूड सागाचं आणि जड असेल तर वाद्य इकडे बनल्याची शक्यता वाढते. प्लायवूड असेल तर ते नंतरच्या, स्वस्त उत्पादनाच्या काळातलं. एकाच पेटीत सागाचा सांगाडा, सेल्युलॉइडची काही बटणं आणि प्लास्टिकची काही, असंही सापडतं. अशा वेळी सर्वांत जुना भाग वाद्याचं वय सांगतो आणि बाकीचे भाग दुरुस्त्यांचं.

बटणांच्या यंत्रणेबद्दल एक स्थानिक संदर्भ इथे सांगायलाच हवा. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधे विक्रोळीत पसरलेल्या गोदरेज कंपनीने १९५५मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. पुढच्या काळात पूर्व उपनगरांत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने कारखान्यांची रांग उभी राहिली, अंधेरीला एमआयडीसी आली आणि १९७३मध्ये सीप्झ. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन यांची वस्ती याच पट्ट्यात वाढली. लिव्हर, स्प्रिंग आणि पट्टी यांच्याशी रोजची ओळख असलेल्या माणसांना बेंजोची बसलेली कळ दुरुस्त करणं अवघड नव्हतं. जुन्या बेंजोंत हाताने कापलेल्या पितळी पट्ट्या आणि एकमेकांशी न जुळणारे स्क्रू दिसतात, त्यामागे ही कामगारवस्तीची कारागिरी आहे. जुनी वाद्यं जमवणारा माणूस अशा बदलांना दोष म्हणेल. मुंबईच्या बेंजोपुरता तो निवाडा चुकीचा ठरतो.

बेंजोच्या अंगावरचा सर्वांत मोठा बदल म्हणजे पिकअप. तारांखाली, बहुधा घोडीजवळ, लाकूड कोरून चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. पेटीच्या कडेला आवाजाची कळ आणि जॅकचं भोक. गिटारीचं तंत्र तेच. पोलादी तार चुंबकावर थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते, ॲम्प्लिफायर ती मोठी करतो आणि कर्ण्यांतून सूर चौकभर जातो. ही भर पडली नसती तर बेंजो घरातच राहिला असता. ढोल-ताशाशेजारी त्याचा मूळ आवाज पाच पावलांवरही ऐकू येत नाही.

तो घरातून रस्त्यावर आला तो मुंबईच्या उत्सवांमुळे. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि मेळ्यांनी गाणी रस्त्यावर आणली. लग्नाच्या वरातीत ब्रास बँड होते. मेरठच्या जली कोठीत १८८५पासून नादिर अली कंपनी बँडची पितळी वाद्यं घडवत आली आहे. पण बँड उभा करायचा म्हणजे ट्रम्पेट-क्लॅरिनेट फुंकायला शिकलेली डझनभर माणसं, गणवेश आणि मोठी बिदागी. बेंजोला एक वादक पुरतो. चाल त्याच्याकडे, ताल बाकीच्यांकडे. चित्रपटगीत तो तासाभरात बसवतो, कारण सूर शोधायची कटकट मोरितांनी आधीच मिटवून ठेवली आहे. गल्लीतल्या पोरांना परवडेल असं पथक यातून उभं राहिलं: बेंजो, ढोलकी, ढोल, ताशा, पुढे ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड, मागे टेम्पोवर जनरेटर आणि कर्णे. हीच बेंजो पार्टी. कार्यक्रम ठरला की ‘सुपारी घेतली’ म्हणतात.

गिरणगावात ही पार्टी फोफावली आणि गिरणगाव विस्कटल्यावर ती उपनगरांत आली. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि बहुतेकांना गिरणी पुन्हा दिसली नाही. परळ-लालबागची खोली विकून कुटुंबं भांडुप-मुलुंडला, दहिसर-बोरिवलीला, त्याही पुढे गेली. सामानात बेंजोही गेला. उपनगरांत त्याला आधीपासूनचे यजमान भेटले. वेसावे, मढ, गोराईच्या कोळीवाड्यांत आणि आगरी गावठाणांत हळदीची रात्र बेंजोशिवाय रंगत नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरासारख्या वस्त्यांत १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांची चाल तोच धरतो. एकच वाद्य गणपतीलाही, हळदीलाही आणि भीमजयंतीलाही, असा मान मुंबईत फार थोड्या वाद्यांना मिळाला आहे. रवी जाधव यांनी २०१६मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुख त्यात बेंजोवादक झाले, आणि शहरातल्या अनेकांनी या वादकांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

पिकअप असलेला बेंजो वारशात आला असेल तर वादक रस्त्यावर वाजवत होता हे पक्कं. पिकअप नसेल, नखीचे ओरखडे हलके असतील आणि आधाराच्या तारा शाबूत असतील तर तो घरात, पाटावर ठेवून वाजवलेला. रस्त्यावरच्या बेंजोला आणखी खुणा असतात: खांद्याच्या पट्ट्यासाठी मारलेले हुक, टेम्पोच्या कठड्यावर आपटून उडालेले कोपरे, बटणांच्या फटींत रुतलेला गुलाल. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आणली, रात्री दहानंतर कर्णे बंद झाले. त्याआधीच्या रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकांत वाजलेले बेंजो या झिजेवरून ओळखू येतात.

या वाद्याची हेटाळणीही झाली. पडद्यांवर ठोकून बसवलेले स्वर श्रुतींना न्याय देत नाहीत, मींड निघत नाही, हा हार्मोनियमवर घेतला गेलेला आक्षेप त्यालाही लागू होता. हार्मोनियमला आकाशवाणीने १९४०मध्ये दार बंद केलं आणि ते उघडायला १९७१ उजाडलं. हार्मोनियमसाठी निदान भांडणारे होते. बेंजोसाठी कुणी भांडलं नाही, त्याला दारापर्यंत कुणी नेलंच नाही. म्हणून त्याच्या वादकांची नावं संगीतकोशांत मिळत नाहीत. ती मंडळांच्या अहवालांत, जुन्या वर्गणीच्या पावत्यांवर, मिरवणुकीच्या कृष्णधवल फोटोंत मिळतात. फोटोत बेंजो दिसला तर भिंग घेऊन बटणांच्या रांगा मोजाव्यात आणि माळ्यावरच्याशी ताडून पाहाव्यात. वाद्य तेच निघालं तर मालकाचं नाव, गल्ली आणि निदान एक साल हाती लागतं.

ओळख पटेपर्यंत दोन गोष्टी टाळाव्यात. पॉलिश घासून काढू नये, कारण चिठ्ठीची उरलेली कड आणि पॉलिशचा थर यांवरच बराचसा दाखला असतो. आणि नव्या तारा लावून लगेच वरच्या पट्टीत आवळू नये. जुन्या सरसाने चिकटवलेली पेटी दमट हवेत सैल झालेली असते आणि ताण आला की घोडीखालची फळी खचते. आधी सांधे पुन्हा चिकटवून घ्यावेत, मग पातळ तारा, आणि सूर दोन पट्ट्या खालीच. त्यासाठी शोरूम गाठायची गरज नाही. श्रावण लागला की उपनगरातल्या बेंजो पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात, आणि तिथल्या जुन्या वादकाला पट्टी कापून कळ बसवता येते. पेटीवर कुणाच्या हातचं पिकअप आहे हेसुद्धा कोरलेल्या खाचेच्या आकारावरून तो बऱ्याचदा सांगतो, कारण त्या भागात पिकअप बसवणारी माणसं मोजकीच होती आणि प्रत्येकाची खाच वेगळी होती.